सर्व्हर डाऊन नव्हता

‘सर्व्हर डाऊन आहे’ हे वाक्य मी पंधरा दिवस रोज दहा वेळा तरी बोललो असेन. हदगावात विहाराला लागून आमची छोटी अभ्यासिका आहे. तिथं एकच कॉम्प्युटर. शिष्यवृत्तीचे अर्ज सुरू झाले की तामसा, निवघा, मनाठा या बाजूच्या खेड्यांतली पोरं-पोरी आमच्याकडं येतात, कारण बाहेर फॉर्म भरायला पैसे पडतात आणि आम्ही घेत नाही. यंदा मात्र फॉर्म भरलाच जाईना. पान उघडायचं नाही. उघडलं तर अर्धंच. उत्पन्नाचा दाखला अपलोड करायला घेतला की ते गोल चक्र फिरत राहायचं. मी पोरांना सांगायचो, सर्व्हर डाऊन आहे, उद्या या. पोरं एसटीचं भाडं खर्चून उद्या यायची.

मित्रांनो, सर्व्हर डाऊन नव्हता. आमचा कॉम्प्युटर डाऊन होता आणि तो माझ्या हातानं झाला होता. हे लिहिताना लाज वाटते, पण लिहिलं पाहिजे. आपण व्यवस्थेला रोज जाब विचारतो. स्वतःला विचारायची वेळ आली की विषय बदलतो. म्हणून घडलं ते क्रमानं सांगतो, आणि त्यातून चळवळीच्या कामाबद्दल जे वाटलं तेही सांगतो.

तामशाच्या पुढच्या एका वस्तीवरची एक मुलगी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे. तिच्या आधारला वडिलांचा मोबाइल जोडलेला. वडील हैदराबादला बांधकामावर. फॉर्म भरताना ओटीपी जातो तो त्यांच्या मोबाइलवर. मुलगी आधी फोन करून सांगायची, “पप्पा, आता नंबर येईल, लगेच सांगा.” ते काम सोडून, हात पुसून मोबाइल बघायचे आणि सहा आकडे सांगायचे. इकडं आमच्या कॉम्प्युटरवर तो आकडा टाकायची चौकट उघडेपर्यंत ओटीपीची मुदत संपलेली असायची. पुन्हा फोन, पुन्हा ओटीपी. तिसऱ्यांदा फोन केला तेव्हा पलीकडं मुकादम ओरडत होता, ते आम्हा सगळ्यांना ऐकू आलं. तिनं फोन ठेवला आणि म्हणाली, “राहू द्या दादा. त्यांची हाजरी जाईल.”

मी काय केलं? मी चिडून निवेदन लिहायला घेतलं. विषय ठरला, शिष्यवृत्ती पोर्टल जाणीवपूर्वक बंद ठेवून मागासवर्गीय विद्यार्थ्यांना वंचित ठेवण्याचा प्रकार. चाळीसेक सह्या जमल्या. सोमवारी तहसीलवर जायचं, फोटो काढायचा, बातमी द्यायची, असं सगळं ठरलं.

त्याच रविवारी ती मुलगी एक साधी गोष्ट बोलून गेली. मी चिडचिड करत टास्क मॅनेजर उघडत होतो, बंद करत होतो. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबली की तो उघडतो आणि कोणता प्रोग्रॅम किती प्रोसेसर खातोय ते दाखवतो. उघडला की क्षणभर सीपीयूपुढं शंभर टक्के दिसायचं आणि डोळ्यांदेखत सात-आठ टक्क्यांवर यायचं. आठवडाभरापूर्वी दुरुस्तीवाल्या भावानंही हेच पाहून सांगितलं होतं, “मशीन ठीक आहे सर, जुनं झालंय. नवं घ्या.” ती मुलगी शेजारी बसून नुसती ऐकत होती. म्हणाली, “दादा, तुम्ही ते उघडलं की आतला पंखा गप बसतो. बंद केलं की थोड्या वेळानं पुन्हा ओरडायलाय.”

आम्ही पाच वेळा करून पाहिलं. पाचही वेळा तसंच झालं.

प्रोसेसरवर काम वाढलं की तो तापतो. तापला की पंखा जोरात फिरतो. पंख्याला खोटं बोलता येत नाही. टास्क मॅनेजर बंद असताना पंखा ओरडतोय म्हणजे आत कुणीतरी राबतंय, आणि आपण बघायला गेलो की ते लपतंय. पंधरा दिवस मी पडद्यावरच्या आकड्यावर विश्वास ठेवला. तिनं कानानं ऐकलं त्यावर ठेवला. कालाम सुत्तावर मी विहारात चार वेळा बोललो आहे. जाणत्यानं सांगितलं म्हणून मानू नका, स्वतः तपासा. तपासलं मात्र तिनं.

आमच्याच भागातला एक पोरगा पुण्यात कॉम्प्युटरच्याच कामात आहे. त्याला फोन लावला. तो हसला नाही, हे त्याचे उपकार. त्यानं आधी साधी कारणं एकेक करून बाद करायला सांगितली. तीही तुमच्या उपयोगाची आहेत.

पहिलं कारण, विंडोज स्वतःच कामात असतं. अपडेट उतरवणं, अँटीव्हायरसची तपासणी, फायलींची सूची बनवणं. यात सीपीयू वर जातो, पण मशीन चालू ठेवलं तर सहसा तास-दोन तासांत खाली येतो. आमचा दिवसभर येत नव्हता. दुसरं, सीपीयू मोकळा असतो पण डिस्क शंभर टक्के भरून वाहत असते. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कचं हे नेहमीचं दुखणं आणि त्याचा इलाज वेगळा. तिसरं, ब्राउझरमध्ये वीस टॅब आणि नको ती एक्स्टेन्शन. चौथं, धूळ. मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात दार उघडं ठेवून चालणाऱ्या कॉम्प्युटरच्या पोटात किती धूळ जाते ते खोका उघडल्यावर कळतं. प्रोसेसरवरच्या धातूच्या पात्यांमध्ये धूळ बसली आणि मधली थर्मल पेस्ट वाळली की उष्णता बाहेर जात नाही, आणि प्रोसेसर जळू नये म्हणून स्वतःचा वेग कमी करतो. काम तेवढंच, वेग निम्मा, म्हणून आकडा कायम वर.

आम्ही वायर काढून खोका उघडला, ब्लोअरनं साफ केला. मूठभर धूळ निघाली. पेस्ट नवी लावली. पंख्याचा आवाज जरा कमी झाला, दुखणं गेलं नाही.

मग त्यानं प्रोसेस एक्सप्लोरर नावाचं फुकट मिळणारं एक अवजार पाठवलं. ते टास्क मॅनेजरसारखंच, पण जास्त खोलात दाखवणारं. चालू करण्याआधी म्हणाला, “दादा, फायलीचं नाव बदला. आतला चोर नाव बघून लपतो.” आम्ही नाव ठेवलं ‘जयंती’.

हे नाव बदलणं मला लागलं. आपल्यातल्या किती पोरांनी शहरात खोली मिळावी म्हणून आडनाव गिळलं आहे! घरमालक आधी आडनाव विचारतो आणि मग खोली रिकामी आहे की नाही ते ठरवतो. इथं उलटं झालं. नाव बदलून आम्ही आत गेलो आणि जो लपला होता तो दिसला.

विंडोजच्याच एका नेहमीच्या सेवेचं नाव लावून एक प्रोग्रॅम बसला होता आणि ऐंशी टक्के प्रोसेसर एकटा खात होता. नाव सरकारी, पत्ता खोटा. त्या नावाची खरी फाइल विंडोजच्या सिस्टिम ३२ या फोल्डरात असते. ही वापरकर्त्याच्या ॲपडेटा फोल्डरात होती आणि तिच्यावर कुठल्या कंपनीची डिजिटल सही नव्हती. बंद केली की मिनिटभरात पुन्हा उठायची, कारण टास्क शेड्युलरमध्ये तिला उठवायचा हुकूम लिहून ठेवलेला होता. आणि अँटीव्हायरस गप का होता? त्याच्या ‘इथं तपासू नका’ या यादीत आमचा सगळा सी ड्राइव्ह लिहिलेला होता.

तो मायनर होता. मोनेरोसारखी काही आभासी नाणी साध्या प्रोसेसरवर आकडेमोड करून मिळवता येतात. ज्याला वीज आणि मशीन फुकटात पाहिजे तो असा प्रोग्रॅम हजारो लोकांच्या कॉम्प्युटरात घुसवतो. राबणार आमचं मशीन, बिल भरणार विहार, कमाई जाणार त्याच्या खिशात. पन्नास वॅट जादा ओढ धरली आणि रोजचे दहा तास, तरी महिन्याला पंधरा युनिट होतात. वर्गणीतून बिल भरणाऱ्या अभ्यासिकेला तेही लागतात. आपल्या लोकांना याला वेगळा शब्द शोधायची गरज नाही. याला वेठ म्हणतात. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचं विधेयक मांडलं ते याच गोष्टीविरुद्ध होतं. नाममात्र मोबदल्यात चोवीस तास दुसऱ्याच्या दाराशी राबायचं आणि वर त्यालाच हक्क समजायचं. आमचं मशीन वेठीला धरलेलं होतं आणि आम्ही त्यालाच म्हातारं झालं म्हणून दोष देत होतो.

आता तो आत आला कसा? त्याला मी आणला.

एप्रिलमध्ये जयंतीचे बॅनर करायचे होते. बॅनरचं विकतचं सॉफ्टवेअर परवडत नाही म्हणून एका साइटवरून फुकटातलं, कुलूप तोडलेलं उतरवलं. सोबतच्या सूचनेत पहिलीच ओळ होती, आधी अँटीव्हायरस बंद करा. मी केला. चोरानं सांगितलं पहारेकऱ्याला झोपव, आणि मी झोपवला. बॅनर सुंदर झाला. सगळ्यांनी स्टेटसला ठेवला. त्याची किंमत ऑक्टोबरमध्ये त्या मुलीच्या बापानं मुकादमाच्या शिव्या खाऊन भरली.

याहून वाईट गोष्ट रात्री लक्षात आली. त्याच कॉम्प्युटरवर ‘शिष्यवृत्ती’ नावाच्या फोल्डरात तीन वर्षांतल्या पोरांची आधार कार्डं, जातीचे दाखले, बँकेची पासबुकं पडलेली होती. काम झालं की पुसायची, हे कुणी ठरवलंच नव्हतं. जो मायनर बसवू शकतो तो फायली नेऊही शकतो. नेल्या की नाही, मला माहीत नाही. पोरांनी विश्वासानं दिलेले कागद मी उघड्यावर ठेवले, एवढं नक्की.

इलाज असा केला. आधी इंटरनेटची वायर काढली. पोरांचे लागणारे कागद पेन ड्राइव्हवर घेतले, दुसऱ्या मशीनवर तपासले, बाकीचे कायमचे पुसले. चोराला नुसतं हाकलून भागत नाही, कारण घरात आणखी कुठं किल्ली ठेवून गेलाय ते कळत नाही. म्हणून सगळी डिस्क पुसून नव्यानं बसवायचं ठरलं. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचे बहुतेक प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत नाहीत. आमचा चौथ्या पिढीचा. म्हणून लिनक्स मिंट टाकलं. ते फुकट आहे आणि कुलूप तोडावं लागत नाही. वर्गणी करून जुन्या हार्ड डिस्कच्या जागी छोटी एसएसडी बसवली. दुसऱ्या, स्वच्छ कॉम्प्युटरवरून सगळे पासवर्ड बदलले. ज्या पोरांचे कागद होते त्यांना फोन करून खरं काय ते सांगितलं, लॉगिनचा पासवर्ड बदला म्हटलं, खात्यावर लक्ष ठेवा म्हटलं, आणि पैशांचा काही गैरप्रकार दिसला तर १९३० या सायबर हेल्पलाइनचा नंबर दिला. काहीजण रागावले. त्यांचा राग बरोबर होता.

नवं मशीन सुरू झालं त्या संध्याकाळी त्या मुलीचा फॉर्म वीस मिनिटांत गेला. ओटीपी एकदाच मागावा लागला. पण एका मुलाचा फॉर्म राहिला. तो पंधरा दिवसांत चार वेळा येऊन गेला होता. पाचव्यांदा आलाच नाही. मी त्याच्या घरी गेलो तर तो कामाला पुण्याला गेलेला. आईला मी सगळं सांगितलं, माझी चूक होती म्हणून सांगितलं. त्या म्हणाल्या, “तुमी तरी काय करताव बाबा, सरकारचंच तसं हाय.” मी पुन्हा म्हणालो, नाही मावशी, या खेपेला सरकारचं नव्हतं. त्यांना ते पटलं नाही. माझ्यावर एवढा विश्वास होता त्यांचा. तो विश्वास मला अजून टोचतो.

आता मुद्द्यावर येतो.

आमचं निवेदन सोमवारी गेलं असतं तर काय झालं असतं? समोरच्या अधिकाऱ्यानं स्वतःच्या कॉम्प्युटरवर पोर्टल उघडून दाखवलं असतं. ते उघडलं असतं. चाळीस सह्या एका मिनिटात खोट्या ठरल्या असत्या. पुढच्या वेळी पोर्टल खरोखर बंद पडलं असतं तेव्हा तोच अधिकारी म्हणाला असता, तुमचं नेहमीचंच आहे. चुकीचा आरोप खऱ्या आरोपाची धार घालवतो. हे नुकसान विरोधक करत नाही, आपण करतो.

बाबासाहेबांची निवेदनं काढून बघा. १९१९ ची साउथबरो समितीपुढची साक्ष घ्या, १९२८ ची सायमन कमिशनपुढची घ्या, १९४२ ला व्हाइसरॉयला दिलेलं अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचं निवेदन घ्या. रागाला तोटा नाही, पण प्रत्येक रागाखाली आकड्यांची बैठक आहे. त्या १९४२ च्या निवेदनात शिक्षणासाठी पैशाची मागणी होती, आणि १९४४ पासून अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. म्हणजे ज्या शिष्यवृत्तीचा फॉर्म आम्ही भरत होतो ती अभ्यास करून लिहिलेल्या निवेदनाची कमाई आहे. तिच्यासाठी आम्ही न तपासता निवेदन लिहिलं होतं.

एका कार्यकर्त्या मित्राला मी हे बोललो तर तो भडकला. म्हणाला, “तू सरकारला क्लीन चिट द्यायलास. एवढ्या गावांना एक कॉम्प्युटर, त्याबद्दल बोल की.” त्याचं म्हणणं निम्मं बरोबर आहे. पूर्ण बरोबर आहे असंही म्हणेन, फक्त ते माझ्याविरुद्ध नाही. पहिल्या वर्षाच्या मुलीला फॉर्मसाठी एसटीनं तालुक्याला का यावं लागतं? हैदराबादला राबणाऱ्या बापाच्या मोबाइलवर तिचं शिक्षण का लटकतं? वसतिगृहात जागा नाही म्हणून स्वाधारचा अर्ज, त्यालाही पुन्हा हीच कसरत. हे प्रश्न विचारायचेच. फक्त आपलं घर तपासून विचारायचे.

म्हणून आम्ही निवेदन फाडलं नाही, नव्यानं लिहिलं. एक नोंदवही केली. तारीख, वेळ, काय दिसलं, पडद्याचा फोटो, त्याच वेळी दुसऱ्या मोबाइलवर उघडून पाहिलं का. कॉम्प्युटर धड झाल्यावरही पुढच्या तीन आठवड्यांत सहा वेळा पोर्टल खरोखर उघडलं नाही. त्या सहा नोंदी फोटोसकट निवेदनाला जोडल्या. हे निवेदन देताना माझा आवाज चढला नाही. चढवायची गरज पडली नाही.

दुसरा मुद्दा. टास्क मॅनेजर उघडल्यावर लपणारा तो प्रोग्रॅम पाहिला तेव्हा आम्हा सगळ्यांच्या मनात एकच आलं. आता कुठं राहिली जात, असं विचारणारे लोक आपल्याला रोज भेटतात. ते खोटं बोलतात असं नाही. ते बघतात तेव्हा आकडा खरंच सात टक्के असतो. सभा असते, कॅमेरा असतो, पाहुणा असतो. बघणारा निघून गेला की पंखा पुन्हा ओरडायला लागतो. तो आवाज शेजारी बसणाऱ्यालाच ऐकू येतो. म्हणून शेजारी बसणाऱ्याची साक्ष महत्त्वाची. आमच्याकडं ती साक्ष एका अठरा वर्षांच्या मुलीनं दिली आणि पंधरा दिवस तिला कुणी विचारलं नव्हतं. अभ्यासिकेच्या समितीत तेव्हा एकही मुलगी नव्हती. आता दोन आहेत आणि मशीनचा पासवर्ड त्यांच्याकडं आहे.

तिसरा मुद्दा तरुण मित्रांसाठी. ‘हे तांत्रिक काम, आपलं काम रस्त्यावरचं’ हे आता चालणार नाही. याच नांदेड जिल्ह्यात नामांतराच्या लढ्यात पोचीराम कांबळे मारले गेले, गौतम वाघमारेंनी स्वतःला जाळून घेतलं. आपण विद्यापीठाच्या दारापर्यंत पोचावं म्हणून ही किंमत दिली गेली. आज ते दार ब्राउझरमध्ये उघडतं. ते उघडतं ठेवणं हेही चळवळीचंच काम आहे.

तुमच्या गावात अशी अभ्यासिका असेल तर एवढं करा. कुलूप तोडलेलं सॉफ्टवेअर टाकू नका. बॅनरसाठी इंकस्केप आणि गिम्प फुकट आहेत, पत्रांसाठी लिबरऑफिस आहे, मुक्तासारखे देवनागरी फॉन्ट मोकळे आहेत, आणि फ्लेक्सवाल्याला पीडीएफ चालते. अँटीव्हायरस बंद करा असं कुणी म्हटलं की तिथंच थांबा. फॉर्म भरून झाला की त्या मुलाच्या समोर त्याचे कागद पुसा. सहा महिन्यांनी खोका उघडून धूळ काढा. पंख्याचा आवाज ऐका. आणि सर्व्हर डाऊन आहे असं म्हणण्याआधी दुसऱ्या मोबाइलवर उघडून बघा.

पौष पौर्णिमेला दाभडच्या बावरीनगरला धम्म परिषदेत भेटाल तर सांगा, तुमच्याकडं काय निघालं. पुण्याला गेलेल्या त्या मुलाला मी दर रविवारी फोन करतो. पुढच्या वर्षी परत येतो म्हणतो. त्याचा फॉर्म पहिल्या दिवशी पहिला भरायचा, असं नोंदवहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं आहे.

जय भीम.